जनरेटरमागे पुरलेली सीलं

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मोटारसायकल जोडणी कारखान्याची गाडी फाटकातून आत शिरली, तेव्हा अकुन्ना तपासणीच्या टेबलापाशी उभी होती. माल न्यायला आली असेल, असं तिला वाटलं. पण ड्रायव्हरने मागचं फळकं खाली पाडलं आणि खोकी उतरवायला लागला. एकेचाळीस खोकी, तेल अडवणाऱ्या रबरी सीलांची. सगळ्यांवर निळा शिक्का: इफेदिबा रबर वर्क्स, न्नेवी.

"काय रे, हे आमचंच आमच्याकडे?"

"मला काय विचारता, मामा उगो? तेल गळतंय म्हणे. मोटारसायकल नवी कोरी, आणि पुढच्या फोर्कमधून टिपटिप टिपटिप. गिऱ्हाईकं दुकानात येऊन बोंबलतायत. साहेबांनी सांगितलंय, आफियाओलूच्या सणापर्यंत चांगला माल द्या, नाहीतर आम्ही बाहेरून मागवतो."

उगो हा अकुन्नाचा थोरला. आता तो स्वतः दोन पोरांचा बाप झाला होता, तरी कारखान्यात तिला सगळे मामा उगोच, म्हणजे उगोची आईच, म्हणत. एकोणीस वर्षं झाली तिला इथे. आधी सीलांची किनार कापायला बसायची, मग आठ वर्षं रबर दाबून सील काढणाऱ्या पाचव्या प्रेसवर होती, आणि आता तपासणीची प्रमुख. तिने खोक्यातून एक सील उचललं आणि अंगठ्याने जरासं वाकवलं. लोखंडी रिंगेपासून रबर अलगद सुटलं, जुन्या बुटाचा तळ सुटावा तसं. दुसरं घेतलं, तेही सुटलं. तिसरं मात्र घट्ट होतं. हेच तिला जास्त लागलं. सगळीच खराब असती तर रबराच्या मिश्रणाला दोष देता आला असता.

दुपारी चीफनी तिला वर बोलावलं. चीफ इफेदिबा तरुणपणी न्क्वो बाजारात लाकडी पेटीवर बसून दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग विकत. वीस वर्षांपूर्वी त्यांनी तैवानहून आठ प्रेस आणले, तिकडचा चेन नावाचा तंत्रज्ञ सहा महिने इथे ठेवून घेतला आणि मालावर स्वतःचं नाव छापलं. त्या नावाला डाग लागलेला त्यांना खपत नसे. म्हणून त्यांनी एक नियम काढला होता. आठवडाभरात ज्याच्या प्रेसवर खराब सीलं जास्त निघतील, त्याने सोमवारी सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि त्याच सीलांची माळ दिवसभर गळ्यात घालून काम करायचं. माळ सुरू झाल्यापासून खराब माल जवळपास नाहीसाच झाला, असं ते पाहुण्यांना छाती पुढे काढून सांगत.

त्यांच्या खोलीत दोघं आधीच बसलेले होते. एक त्यांची मुलगी सोमादिना, एनुगूहून इंजिनियर होऊन वर्षभरापूर्वी कारखान्यात आलेली. दुसरा, परदेशी यंत्रं विकणाऱ्या कंपनीचा माणूस, चकचकीत पुस्तक उघडून.

"एका बाजूने रबर आत," तो पानावर बोट फिरवत म्हणाला, "दुसऱ्या बाजूने सील बाहेर. तुमच्याकडे चाळीस माणसं आहेत, इथे सहा पुरतात. माणसं कमी, म्हणजे चुका कमी."

चीफ पुस्तकावरून नजर काढायला तयार नव्हते.

"चीफ, एक विचारू?" अकुन्ना म्हणाली. "या यंत्रातूनही सुटलेलं रबर बाहेर आलं, तर ते का सुटलं हे कोण सांगणार?"

"आमचा माणूस येईल ना," विक्रेता म्हणाला.

"किती दिवसांत?"

"व्हिसा मिळाला, की लगेच."

सोमादिनाला हसू आलं, ते तिने खोकल्यात दडवलं. चीफना मात्र हसू आलं नाही. "मग तू सांग. का सुटतंय?"

"मला माहीत नाही, चीफ."

"एकोणीस वर्षं खाल्लीस इथे, आणि माहीत नाही?"

"कसं माहीत असणार? मला खराब सील दिसतच नाही. माळेच्या भीतीने कोणी माझ्या टेबलापर्यंत आणतच नाही. दिसायला खराब असेल ते वाटेतच गायब होतं, आणि वरून चांगलं दिसणारं गिऱ्हाइकाकडे जाऊन सुटतं."

"म्हणजे चूक माझी?"

"तसं मी म्हटलं नाही. पण माळ तुमची आहे."

चीफच्या मानेची शीर फुगली होती. पण शब्द तर अकुन्नाच्या तोंडातून गेलेले. तेवढ्यात सोमादिना बोलली.

"पप्पा, आफियाओलूला सहा आठवडे आहेत. यंत्राची सही तेव्हाही करता येईल. पण नवी लाइन घ्यायची तर निदान जुनीत काय बिघडलं हे कळून तरी घेऊया. नाहीतर तोच बिघाड आपण जास्त दाम देऊन विकत आणू."

चीफनी पुस्तक मिटलं. "बरं. माळ बंद. सहा आठवडे. पण सण झाल्यावर एक जरी खोकं परत आलं, तर मी सही करणार. मग माझ्या दारात रडायला यायचं नाही, कोणीही."

अकुन्नाने त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं: माळ बंद झाली, खराब सील लपवू नका, माझ्या टेबलावर आणून ठेवा, कोणी काही बोलणार नाही. माणसांनी मुकाट माना डोलावल्या. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. टेबल रिकामंच.

"सापळा छान लावलाय, मामा उगो," सहाव्या प्रेसवरचा ओबिआकोर जाता जाता म्हणाला. "पण आमिषाला एखादा सुका मासा तरी ठेवायचा!" सगळे हसले. ओबिआकोरची जीभच तशी होती, पण कामात त्याचा हात कोणी धरत नसे. त्याच्या गळ्यात माळ पडल्याचं नव्या माणसांनी कधी पाहिलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अकुन्नाने माळ्याकडून फावडं मागून घेतलं आणि जनरेटरच्या शेडमागे गेली. तिथली जमीन चिखलाने मऊ झाली होती. लुगड्याचा घोळ वर खोचून ती खणायला लागली. लोक गारीच्या, कसावाच्या रव्याच्या, वाट्या हातात घेऊनच बघायला आले.

"काय शोधताय? यमचे कंद लावलेत होय इथे?"

"माझी पापं," ती म्हणाली आणि वाकून मातीतून मूठभर सीलं वर काढली. गंजलेली, चिखलाने भरलेली. "ही माझी. मी पाचव्या प्रेसवर असतानाची. पिशवीत घालून आणायचे, सगळे गेले की पुरायचे. आठ वर्षं."

मग ओगुगुआ पुढे आली. ती हल्ली पाचव्या प्रेसवर असे. दिवसातून चार शब्द बोलली तर खूप. तिने हातातली वाटी दगडावर ठेवली.

"माझी तिकडे आहेत," ती म्हणाली. "पपईच्या झाडाखाली."

"तरीच ती पपई वाढत नाही!" कोणीतरी ओरडलं, आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. पाच मिनिटांत सगळा कारखाना खणत होता. कोणी फावड्याने, कोणी टिनाच्या पत्र्याने, कोणी नुसत्या हातांनी. "ए, हे माझं!" "चल, तुझं कसलं, यावर दोनचा शिक्का आहे!" "अरे बाप रे, ही तर मागच्या नाताळातली!" एकमेकांच्या लपवलेल्या चुका हातात घेऊन माणसं अशी खिदळत होती, जणू हरवलेली भावंडं सापडलीयत.

मग हसू एकदम थांबलं. चीफ खाली आले होते.

पांढराशुभ्र अंगरखा घालून ते ढिगाऱ्याच्या कडेला उभे राहिले. ढीग गुडघ्यापर्यंत आला होता आणि अजून निघतच होतं. त्यांनी वाकून एक सील उचललं, अंगरख्यानेच पुसलं आणि निरखून पाहिलं.

"कधीपासूनची आहेत?"

"माळ सुरू झाली तेव्हापासूनची, चीफ," अकुन्ना म्हणाली.

त्यांनी ते सील पुन्हा ढिगावर ठेवलं आणि वर निघून गेले. अर्ध्या तासाने सोमादिना रॉकेलचे दोन डबे घेऊन आली. "पप्पांनी पाठवलेत," ती म्हणाली. "गंज काढायला."

गंज काढल्यावर कळलं की मातीने सगळं जपून ठेवलं होतं. प्रत्येक रिंगेवर बनवल्याच्या महिन्याचा आकडा ठोकलेला असे आणि रबरावर प्रेसचा नंबर उमटलेला. ही पद्धत चेन लावून गेला होता. ती कशासाठी, हे ना त्याने सांगितलं होतं, ना कोणी विचारलं होतं. सोमादिनाने जेवणघराच्या जमिनीवर खडूने चौकोन आखले. आडवे बारा महिने, उभे आठ प्रेस. प्रत्येकाने साफ केलेलं सील आपापल्या चौकोनात नेऊन ठेवायचं.

तीन दिवसांनी ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही ते चित्र वाचता आलं. मेपासून ऑक्टोबरपर्यंत ढीगच ढीग. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मोजकीच. म्हणजे पावसाळ्याची ओल.

आणि सहाव्या प्रेसची ओळ बाराही महिने जवळजवळ रिकामी.

सगळे ओबिआकोरकडे वळले.

"माझ्याकडे काय बघताय? मी पुरली नाहीत."

"मग कुठे फेकलीस?"

"फेकायला निघालीच नाहीत."

"म्हणजे तुझ्या प्रेसवर काय देव बसतो?"

"बसत असेल," ओबिआकोर म्हणाला आणि हात झटकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी जेवताना अकुन्ना त्याच्या शेजारी जाऊन बसली. डब्यात उक्वा होता, मक्याचे दाणे घालून शिजवलेला. त्यातला अर्धा तिने त्याच्या वाटीत ओतला. त्याने खाल्ला, वाटी बोटाने पुसली, तरी ती गप्पच.

"विचारायचं असेल तर विचार की," शेवटी तोच म्हणाला.

"नाही विचारणार. सांगायचं असेल तर तू सांगशील."

त्याने वाटी बाजूला ठेवली. "सांगितलं होतं एकदा. बारा वर्षांपूर्वी. तो जुना फोरमन होता ना, त्याला. म्हटलं, रिंगा धुऊन उघड्या शेडमध्ये वाळवता, पावसात त्या वाळत नाहीत. दिसतात कोरड्या, पण ओल धरतात. मी त्या प्रेसच्या गरम फळीवर ठेवतो, मगच गोंद लावतो. तर तो म्हणाला, तू काय इंजिनियर लागून गेलास? आणि सोमवारी माझ्याच गळ्यात माळ. का, तर प्रेसवर रिंगा ठेवल्या, नियम मोडला." त्याने हात पुसले. "तेव्हा ठरवलं, मामा उगो. आपलं आपल्यापाशी."

अकुन्नाला तो सोमवार आठवला. ओबिआकोरचे तांबारलेले कान आठवले.

"मी होते त्या दिवशी," ती म्हणाली. "मी हसले होते."

"माहीतै."

"चुकलं माझं, ओबिआकोर."

त्याने तिच्याकडे बघितलं नाही, पण चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला. "सांगेन सगळ्यांना," तो म्हणाला. "पण एका अटीवर. चीफनी खाली यायचं आणि माझ्या प्रेसपाशी उभं राहून ऐकायचं. खुर्ची नाही द्यायची."

हा निरोप वर न्यायचा म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालायचा. सोमादिनानेच तो नेला. आणि चीफ आले. अर्धा तास उभे राहिले, घामाने अंगरखा पाठीला चिकटला तरी हलले नाहीत. ओबिआकोरनेही संधी सोडली नाही. रिंग कशी धरायची, फळीवर कुठे ठेवायची, हाताला किती चटका बसला की तयार झाली समजायचं, सगळं एखाद्या प्राध्यापकाच्या थाटात सांगितलं. शेवटी चीफनी एवढंच विचारलं, "बारा वर्षं?"

"बारा वर्षं, चीफ."

"बारा वर्षांत हे मला आठही प्रेसवर मिळालं असतं," चीफ हळूच म्हणाले. ते त्याला दोष देत नव्हते, हे सगळ्यांना कळलं.

पण ओबिआकोरची युक्ती तशीच्या तशी उचलून भागणार नव्हतं. फळीवर एका वेळी चाळीस रिंगा मावत, आणि लागायच्या हजारो. शिवाय त्याच्या बोटांचा चटका दुसऱ्यांच्या बोटांना कळेना. ओगुगुआने रिंगा इतक्या तापवल्या की गोंद करपला. ती ते करपलेलं सील घेऊन स्वतःच्या पायांनी अकुन्नाच्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "हे घ्या. जास्त तापलं." त्या टेबलावर आपणहून आलेलं ते पहिलं खराब सील. अकुन्नाने ते भिंतीवर खिळा मारून टांगलं आणि खाली खडूने काय केलं, काय झालं ते लिहिलं.

त्यानंतर रोज दोन वाजता, पाळी बदलताना, सगळे प्रेस अर्धा तास बंद ठेवायचे आणि भिंतीपाशी जमायचं, असं ठरलं. प्रेस बंद राहिले की चीफचा जीव कासावीस होई. ते वरच्या खिडकीतून घड्याळाकडे बघत, पण ओरडत नसत.

सोमादिनाने तापमान मोजून ओबिआकोरच्या चटक्याचे अंश काढले. बाजारातल्या वेल्डरकडून एक उंच लोखंडी कपाट करून घेतलं, त्यात बेकरीच्या भट्टीच्या कॉइल बसवल्या. पहिल्या खेपेला वरच्या रिंगा वाळल्या आणि खालच्या ओल्याच राहिल्या. हेही भिंतीवर लागलं, सोमादिनाच्या नावाने. चीफच्या मुलीची चूक भिंतीवर बघून माणसांना जेवढा धीर आला, तेवढा कुठल्याही भाषणाने आला नसता. मग दुसऱ्या प्रेसवाल्याने सुचवलं की आतली हवा फिरवायला पंखा हवा. न्नेवीत पंखा शोधायला कितीसा वेळ लागतो? जुन्या पेजो गाडीच्या रेडिएटरचा पंखा एका तासात आला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नवी सीलं घेऊन अकुन्ना, ओबिआकोर आणि सोमादिना जोडणी कारखान्यात गेले. तिथल्या तपासणी यंत्राने एका वेळी बारा फोर्क धरले आणि वर-खाली, वर-खाली दाबायला सुरुवात केली. पहिल्या तासाला अकुन्ना बसूच शकली नाही. दुसऱ्या तासाला ओबिआकोर केळीच्या पानातला वाफवलेला ओकपा घेऊन आला, तो तिने न उघडताच बाजूला ठेवला. संध्याकाळ झाली. तिथल्या इंजिनियरने यंत्र थांबवलं, खिशातून पांढरा रुमाल काढला आणि फोर्कची नळी सीलाच्या अगदी कडेपर्यंत पुसली.

रुमाल कोरा होता. त्याने दुसरा फोर्क पुसला, मग तिसरा. बाराही पुसले.

"कुठून आणलं नवं यंत्र?" त्याने विचारलं.

"न्क्वो बाजारातून," ओबिआकोर म्हणाला. "पंखा पेजोचा आहे."

इंजिनियरला वाटलं, हा थट्टा करतोय. मग सोमादिनाने सगळं समजावून सांगितलं, तसा त्याने खुर्ची ओढली, कागद घेतला आणि कपाटाचं चित्र काढून मागितलं. परतताना गाडीत तिघंही उगाचच हसत होते. ओबिआकोर मध्येच म्हणाला, "बघितलंस? साहेब लिहून घेत होता." आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाला.

आफियाओलूच्या आधीच्या सोमवारी चीफनी विक्रेत्याला बोलावलं, आणि वर खोलीत नाही, खाली सगळ्यांसमोर.

"मला तुमची लाइन नको," ते म्हणाले. "आपोआप तापमान सांभाळणारे दोन प्रेस द्या. बाकीचे सहा आम्ही स्वतः सुधारून घेऊ, काय सुधारायचं ते आता आम्हाला माहीत आहे. आणि करारात एक गोष्ट घाला. तुमचा माणूस येईल, तो प्रत्येक झाकण माझ्या माणसांसमोर उघडेल, आणि या बाईचे प्रश्न संपेपर्यंत परत जाणार नाही."

"किती दिवस लागतील?" विक्रेत्याने चाचरत विचारलं.

"ते तिला विचारा. मी एकोणीस वर्षं वाट बघतोय."

हशा झाला. अकुन्नाने मान खाली घातली, पण तिच्या पापण्या ओल्या झाल्या होत्या. त्या सुगीच्या सणाला तिने यमचा नवा कंद चिरला तो कारखान्याची नवी उत्पादन प्रमुख म्हणून, आणि तिच्या नवऱ्याने न्क्वो बाजारातल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला ते दोनदोनदा सांगितलं.

जानेवारीत हरमाटनचा कोरडा वारा सुरू झाला आणि अकुन्ना पुतणीच्या लग्नाला अवकाला गेली. चार दिवस राहिली. परत आली तो भिंतीवर तीन नवी सीलं टांगलेली. रबरात बारीक पांढऱ्या रेघा. ती जवळजवळ पळतच ओगुगुआच्या प्रेसपाशी गेली.

"हे काय? कधीपासून?"

"मंगळवारपासून," ओगुगुआ हातातलं काम न थांबवता म्हणाली. "कपाटाचा पंखा हरमाटनची धूळ आत ओढत होता. ती रिंगांवर बसायची. बुधवारी हवेच्या तोंडाशी ओलं फडकं बांधलं. रिंगा आणखी दहा मिनिटं आत ठेवतो, म्हणजे फडक्याची ओल नडत नाही. कालपासून एकही नाही."

"कोणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या. मग दोन वाजता सगळ्यांनी मिळून बघितलं. ओबिआकोर म्हणत होता, मिश्रणाचा दोष आहे. चुकला बिचारा." ती हसली. ओगुगुआ अलीकडे हसायला लागली होती.

"मला फोन नाही का करायचा?"

"गरज नाही पडली, मामा उगो. आणि तुम्ही लग्नात होता."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच अकुन्ना नसताना कारखाना बिघडला होता आणि तिच्याशिवाय सुधारलाही होता. आत कुठेतरी बारीकशी कळ उठली. ती कपाटापाशी गेली, फडक्याला हात लावून पाहिलं. ओलं होतं, स्वच्छ होतं.

"हे कितीदा बदलता?"

"दिवसातून चारदा."

"लिहिलंय कुठे?"

"लिहिलंय की. तुमच्या पाठीमागेच आहे."

तिने वळून पाहिलं. अक्षर ओगुगुआचं होतं, जरा तिरकं, पण वरपासून खालपर्यंत सगळं बरोबर. काय झालं, का झालं, काय केलं. तिच्या स्वतःच्या नावाचा त्यात कुठेच उल्लेख नव्हता. तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि मग पुन्हा एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ती कळ कुठल्या कुठे गेली होती.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्याने लग्नाचं विचारलं. नवरीचा पोशाख कसा होता, किती माणसं आली होती, रिवाजाची वाइन कशी होती. ती सांगायला बसली ते फडक्यापासून, आणि जेवण निवून गेलं तरी तिचं सांगून संपलं नव्हतं.